आईला मारल्याचा खुलासा

सिंगापूर, रविवार

प्रिय मुर्नीताईस,

धाकट्या विन्दाचा सलाम. तुझे गुडघे, भावोजींचा खोकला आणि गाभण शेळी, सगळं ठीक असावं. मी ठणठणीत. आईची चौकशी करायला तोंड नाही, कारण तिला मीच मारलंय (कागदावर) आणि तेव्हापासून ती फोनवर येत नाही.

ताई, शपथेवर सांगते, आम्हा परदेशी मोलकरणींच्या कथास्पर्धेसाठी मी आधी खरीच गोष्ट लिहिली होती. माझ्या मालकीण क्वेक आजी (वय ब्याऐंशी, ऐकायला कमी, खायला पुढे) माझ्या मिरचीच्या ठेच्याला नावं ठेवतात आणि माझी पाठ वळली की बाटली चाटूनपुसून ठेवतात, एवढंच. लेखनवर्गातल्या बायका हसून बेजार! शिकवणाऱ्या बाई मात्र म्हणाल्या, "छान आहे गं, पण परक्या देशातलं दुःख कुठंय यात?" आता दुःख कुठून आणू? वर्गातल्या यान्तीला गेल्या वर्षी बक्षीस मिळालं ते मालकिणीनं इस्त्रीचा चटका दिला म्हणून (गोष्टीत, खरी मालकीण तिच्या वाढदिवसाला केक आणते). आजींना दुष्ट करावं, तर त्या शेजारीच बसून "काय लिहितेस, वाच की" म्हणत होत्या. राहता राहिली आई. तिसऱ्या पानावर ताप आणला, पाचव्यावर उरकली. लेकीला सुट्टी नाही, बिचारी मातीलाही पोचली नाही. परीक्षक ढसाढसा रडले. पहिलं बक्षीस, आणि पेपरात फोटोसकट गोष्ट!

ती गोष्ट खरी समजून फोनाफोनी आपल्या गावभर फिरेल हे मला मेलीला काय ठाऊक! तू कळवलंस, सगळी आळी घमेल्यांत तांदूळ घेऊन समाचाराला आली, दार आईनंच उघडलं, आणि "अगंबाई, कोण गेलं?" म्हणत तीही त्यांच्यात बसून रडली. आपण कुणासाठी रडतोय हे कळेस्तोवर चहासुद्धा झाला होता म्हणे. मी पोट धरून हसले. मग तुझी शेवटची ओळ वाचली. आई म्हणाली, "मारलं ते मारलं. पण मी मेले आणि ही आली नाही?"



तुझी,
विन्दा

ता.क. आईला सांग, गोष्टी अशाच असतात, मनावर घेऊ नये.

ता.क. २. नको, तसलं काही सांगू नकोस. सुट्टी नाही हे खोटं होतं. आजी दर ईदला "जा" म्हणतात, सहा वर्षं मीच जात नाही. येणं सोपं गं, पण तिला सोडून पुन्हा निघायचं या विचारानंच माझं काळीज फाटतं. एकवीस तारखेला येतेय. तिला बसथांब्यावर घेऊन ये. रागावलेली असली तरी चालेल.