चौदा तिवरं

६ फेब्रुवारी १९८४
बोरीवलीत खोली मिळाली, झकास! तळमजला, नवी फरशी, मोरी आतच. काम तर आपल्या आवडीचं. खाडीकाठी झाडं, पाखरं, चिंबोऱ्या जिथे जास्त, तिथे नकाशावर हिरवा रंग भरायचा. हिरव्यात बांधकाम नाही. बॉटनी शिकून काय दिवे लावणार, असं विचारणाऱ्या काकांना आजच पत्र टाकतो. नोकरीत कायम झालो की बायकोला, जानकीला, गावाहून आणायचं.

१४ फेब्रुवारी
कोळीवाड्यातल्या सोनूबाईंनी होडीतून खाडी दाखवली. एका जागी चौदा तिवरं वेगळी उभी आहेत. समुद्रात गेलेला माणूस सापडला नाही, की त्याच्या नावानं इथे तिवर लावतात. पुढे तेच त्याचं घर. त्यांचा धनी बळवंत चौदावा. कुणी कोयता लावत नाही, म्हणून कोळंबीची पिल्लं इथेच सगळ्यात जास्त. बाईंनी चिंबोरीचं कालवण वाढलं आणि विचारलं, कागदावर राहतील ना आमची माणसं? ताटावर हात ठेवून मी शब्द दिला.

२ मार्च
श्यामकांत साहेब म्हणाले, चौदा झुडपांपायी कॉलनी अडवतोस काय रे? तिथला हिरवा रंग पुसलास तर उद्या कायमची ऑर्डर. नकाशाच्या ट्रेसिंग कागदावरची शाई ब्लेडनं खरवडावी लागते. खरवडली. लाज वाटली. पण जानकी येईल.

१२ मार्च
तिवरं तोडली. सोनूबाई ऑफिसात आल्या. रडल्या नाहीत. म्हणाल्या, चौदा जण बेघर झाले, त्यांना तुझी खोली दाखवून आलेय. चळली मेली म्हातारी!

१५ मार्च
भर दुपारी खोलीत खाडीचा चिखल. फरशीच्या सांध्यांतून तिवरांची मुळं वर आलीत, बोटभर. मोजली. चौदा. कोयत्यानं छाटली. रक्त आलं — माझ्याच तळव्यांतून. जाम टरकलो.

१६ मार्च
नकाशात माझ्या खोलीवर हिरवे ठिपके. चौदा. खरवडले. ब्लेड फिरलं तशी माझ्या हाताची सालं —

१७ मार्च
जानकीला तार केली, येऊ नको. काकांची उलट तार — कालच निघाली.

१८ मार्च
दार उघडत नाही. चिखल कमरेला. खालून पाय ओढताहेत, खूप हात — चुकलो रे बळवंता, चुकलो —
खिडकीबाहेर जानकी. हाक मारतोय, ऐकू जात नाही तिला. शेजारी सोनूबाई, हातात तिवराचं रोप. सांगताहेत, धनी सापडला नाय तर ह्ये लाव, गो.
जानकी, इथे आहे मी, इथेच, खाल—