स्वयंपाकघरातला बर्फ

ती. ओलेस्याताईस,

ओरेस्टचा साष्टांग नमस्कार. (यातली आठही अंगं सध्या दुखतायत, कारण पुढे येतंय.) कॅल्गरीच्या थंडीत तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींचा खोकला? इथे डॉफिनला आम्ही बापलेक मजेत आहोत.

बाबांचं विस्मरण वाढलंय. दुपार झाली की ते स्वयंपाकघरात बादल्या ओततात. जन्मभर कर्लिंग क्लबात खेळाचे दगड घसरवायला बर्फ जमवला, तो आता फरशीवर जमवायचा असतो. मी पडलो निवृत्त मुख्याध्यापक, तेव्हा आधी व्याख्यान दिलं: क्लब कधीच सुटला, बाबा, आणि मी तुमचा मुलगा. त्यांनी मला टकलापासून पोटापर्यंत न्याहाळलं. "माझा ओरेस्ट लहान आहे," म्हणाले, "आणि दिसायला बरा आहे." मग मी पाणीच बंद केलं. त्यावर त्यांनी दगडापुढचा बर्फ झाडायचा क्लबातला झाडू हाणला, तो चुकवताना मी घसरलो आणि ओल्या फरशीवरून थेट फ्रिजवर जाऊन आदळलो. (कर्लिंग खेळायचो तेव्हा माझा दगड कधी इतका सरळ गेला नव्हता.)

शेवटी बाबांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं आणि त्यांना गप्प बसवणारी गोळी मागितली. बाईंनी आधी त्यांना तपासलं, तर लघवीला जळजळ होत होती. बिचाऱ्यांना सांगता येत नव्हतं. त्याचं औषध दिलं आणि मला विचारलं, "ते चिडले की तुम्ही काय करता?"

"समजावतो."

"ते थांबवा. त्यांना काय हवंय ते बघा."

आता आम्ही परसात पाणी ओततो. बर्फ आरशासारखा जमतो, बाबा शांत असतात. मी त्यांचा गडी. रोज मला कामावरून काढतात, जेवणानंतर परत ठेवतात. काल माझं झाडणं बघून ओरडले, "नीट मार की रे! माझा पोरगा असाच वेंधळा आहे. पण त्याला नाही मी कधी काढलं." मी मान खाली घालून झाडत राहिलो. (डोळ्यांत पाणी होतं ते वाऱ्यामुळे.)

तुझा,
ओरेस्ट

ता. क. बटाटा भरलेल्या पेरोगी पाठवू नकोस, फ्रीझर भरलाय.

आणखी एक ता. क. वरचं 'मजेत' खोडायचं राहिलं. अंधार पडला की ते आपल्या गेलेल्या आईला शोधत घरभर फिरतात, आणि मला काही सुचत नाही. पेरोगी नकोत, तू ये. निघण्याआधी फोन मात्र करू नकोस. मी "काही गरज नाही" म्हणेन.