आज हाय का ते सांग

माय,

तू रोज सकाळी चुलीपुढून तेच विचारायचीस. "पास हाय का? रुमाल हाय का? भाकर घेतली का?" मी चप्पल घालून दारात तणतणतोय, एसटी फाट्यावर आलेली. "काल बी हेच इचारलं की तू!" तू वर न बघता भाकर थापतेस. "कालचं काल झालं. आज हाय का ते सांग." खिसे चाचपून दाखवल्याशिवाय मला सोडत नाहीस.

तू गेल्यावर तसं कोणी विचारलं नाही. सरांशी भांडून कॉलेज अर्ध्यात सोडलं, तेव्हाही नाही. आता परभणीत एका कॉम्प्युटरच्या दुकानात बसतो, जिनिंगवाल्यांना कापसाच्या वजनाचे प्रोग्राम करून देतो. प्रत्येक ठिकाणचं मशीन वेगळं. म्हणून आधी एक छोटा प्रोग्राम मशीनला एकेक विचारत जातो: मेमरी किती, प्रिंटर आहे का, कोणता आहे. सगळं विचारून झालं की मगच खरा प्रोग्राम तयार व्हायला लागतो. तोवर चहा येऊन गार होतो, आणि मधेच लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून. माझं डोकं फिरलं. मी दुसराच लिहिला. एकदा मिळालेली उत्तरं जपून ठेवायची, परत विचारायचं नाही. चूळ भरून येईस्तोवर काम तयार. मालक लय खूश.

आज सेलूला गेलो होतो. तिथल्या जिनिंगमध्ये प्रिंटर बदललेला, आणि माझ्या प्रोग्रामला जुनाच ठाऊक. बाहेर कापसाच्या गाड्या खोळंबल्या, पावत्यांवर नुसते किडेमुंगळे. मुनीम म्हणाला, "इंजिनेर सायब, मशीनला इचारायचं तरी होतं! का अबोला हाय तुमचा?" सगळे हसले. एरवी मी त्याची गचांडी धरली असती. पण 'अबोला' ऐकून मला एकदम एकजण आठवली.

तुला सांगायचं राहिलंय. कॉलेजात एक मुलगी होती, पूर्णेची, वडील रेल्वेत. मी कॉलेज सोडलं त्या दिवशी म्हणाली होती, "मी थांबते." त्या दोन शब्दांवर मी इतकी वर्षं काढली. पुन्हा विचारलंच नाही. विचारायची गरजच काय, असं वाटायचं.

सेलूहून निघालेली गाडी परभणीवरून पुढे पूर्णेलाच जाते. खिडकीशी बसून मी मनात वाक्य जुळवत होतो, आणि कानात तू: आज हाय का ते सांग. परभणी आली. मी उतरलो. गाडी पुढे गेली, तिचा शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत मी फलाटावर उभा होतो.

आता दुकानात एकटाच आहे. जपलेली उत्तरं पुसून टाकली आणि तो जुना, सावकाश विचारणारा प्रोग्राम लावलाय. काम काहीच नाही. पडद्यावर ओळी इंग्रजीत येतात, मला तुझ्या बोलीत ऐकू येतात. हाय का? हाय का? कोणीतरी विचारतंय, एवढंच बरं वाटतं.

हे पत्र खणातच राहील. फक्त एक सांगतो, माय. तिकीट मी पूर्णेचं काढलं होतं.