मैदानात गेलेला योहान

औरंगाबाद, मोगलाई

प्रिय रूथताईस, प्रभूच्या कृपेत धाकट्याचा सलाम.

मी खुशाल आहे, जेवतोही. काळजी नसावी.

तरुणांना देवळाकडं ओढायला पाद्रीसाहेबांनी चेंडू आणला. पोरं आली, अन् चेंडू घेऊन मैदानात गेली. आता ऐन उपासनेच्या वेळी तिथंच खेळतात. मग मी चिपळ्या घेऊन ख्रिस्तकीर्तनाला उभा राहिलो. ऐकायला एकटा घंटा वाजवणारा कडूबा, तोही बहिरा. "लई गोड गायलात, मास्तर," म्हणाला.

हसू नकोस. त्या खेळगड्यांचा पुढारी आपला योहान आहे. बोलवायला गेलो तर म्हणाला, "बाबा, तुमच्या देवालाच पाठवा खेळायला." ‘तुमच्या’ म्हणाला, ताई.

नगरला तुझा शमुवेल तरी येतो का गं देवळात? योहान लहानपणी तुझ्या प्रार्थनेशिवाय घास घेत नसे. नाताळपर्यंत थांबू नकोस, आताच ये.

तुझा हरलेला,
दावीद