पिकअपचे नवे शॉकअप आणि ठरलेलं गिऱ्हाईक

१४ नोव्हेंबर, मंगळवार दुपार

ठमीच्या बाबांना सप्रेम नमस्कार.

देवाच्या दयेने आम्ही तिघी सुखरूप आहोत. सासूबाईंचा गुडघा आहे तसाच आहे, म्हणजे कामाच्या वेळी दुखतो आणि शेजारी गप्पांना जायचं असलं की थांबतो. ठमीची चाचणी परीक्षा संपली. गणित बरं गेलं म्हणते. तिचं ‘बरं’ म्हणजे काय ते निकालाला कळेल. न्हाणीघराचा गळका नळ मी चामड्याचा वायसर कापून बसवला, आता गळत नाही.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्ही ‘हं, बरं आहे’ म्हणता आणि फोन वन्संच्या हातात देता. पत्र कुणाच्या हातात देता येत नाही. ते तुम्हालाच वाचावं लागेल, तिथे वन्संच्या घरी, दुखऱ्या पाठीवर पडल्या पडल्या.

तुमचा निरोप मिळाला होता. रविवारी विटांचे व्यापारी गाडी बघायला येतील, भाव ठरलेला आहे, आहे तशी देऊन टाक, एक पैसाही खर्च करू नकोस. रविवारचं मी पुढे लिहिते. खर्चाचं आधी सांगून टाकते, कारण मी हिशेब लपवत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. खर्च केला. गाडीचे चारही शॉकअप बदलले. साधे नाही, जाड नळीचे, गॅसचे, ओझ्याच्या गाडीसाठी मिळतात ते. आणि बदलले कुणी, तर मी. आपल्या अंगणात.

तुम्ही आता उठून बसायला बघाल. उठू नका. डॉक्टरांनी सांगितलंय ते पाळा, आणि पुढे वाचा.

गॅरेजवाल्या भाऊजींकडे मी नुसती चौकशीला गेले होते. त्यांनी मजुरीचा आकडा सांगितला तेव्हा मी खुर्चीवरून उठलेच.

“भाऊजी, एवढ्यात माझा महिन्याचा किराणा येतो. शॉकअप तुमच्याकडून घेते, पाने मला दोन दिवस वापरायला द्या.”

“वहिनी, हात काळे होतील.”

“स्वयंपाकघरात काय गोरे राहतात?”

हसले. मग पाने दिले, गाडी टेकवायच्या लोखंडी घोड्या दिल्या आणि फळीवर खडूने चित्र काढून सगळं समजावलं. दोन गोष्टी त्यांनी मला पुन्हा म्हणून दाखवायला लावल्या. एक, नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही, खाली घोड्या लावायच्या. दुसरी, बोल्टला शेवटचा पीळ गाडी जमिनीवर टेकल्यावरच द्यायचा. गाडी अधांतरी असताना आवळलं तर आतलं रबर वाकड्या अंगाने आवळलं जातं आणि मग फाटतं. आणखी एक बारीकसं सांगितलं होतं, ते मी माझ्या शहाणपणाने मोडलं. त्याची गोष्ट पुढे येते.

आदल्या दिवशी संध्याकाळी सगळ्या बोल्टांना तेल पाजून ठेवलं. सकाळी पूजा आटोपली, तुमची जुनी पँट आणि सदरा चढवला, केस फडक्यात बांधले. सासूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि ठमीला म्हणाल्या, “तुझा बाप घरी आला का बघ गं.”

जुने शॉकअप काढताना बोल्ट रुसले होते, पण पान्याला पाण्याच्या पाइपाचा तुकडा लावून जोर दिल्यावर सुटले. मागचा उजवा हातात आला तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. तेलाने चिकट, आणि हाताने दाबला तर सरळ आत गेला, परत वर यायचं नाव नाही. आत काही जीवच नव्हता. म्हणजे इतके महिने रस्त्यातला प्रत्येक खड्डा हा शॉकअप न घेता तुमचा कणा घेत होता. तुम्ही म्हणायचात, “चालतंय की.” चालत होतं ते तुमच्या पाठीवर.

असो. आता माझं शहाणपण. नवे शॉकअप दाबून, चांगल्या नायलॉनच्या पट्टीने बांधून आले होते. भाऊजी म्हणाले होते, “आधी बसवा, मग पट्टी कापा.” आता एवढी मजबूत पट्टी, बकलसकट, कापायची कशाला? गादी बांधायला, ठमीची पेटी बांधायला कामाला येईल. आणि बसवल्यावर आत हात पोचला नाही, तर कापावीच लागेल. म्हणून मी बसवण्याआधीच बकल अलगद सोडवलं, पट्टी गुंडाळून खिशात टाकली आणि शॉकअप उचलायला वळले.

सासूबाई ओरडल्या, “अगं, ते वाढतंय!”

खरंच वाढत होतं. झोपेतून उठलेल्या माणसाने आळस द्यावा तसा तो दांडा सावकाश, मजेत लांब होत गेला. बसवायच्या जागेपेक्षा वीतभर मोठा झाला आणि थांबला. मी जमिनीवर उभा धरून सगळं अंग टाकलं, तर गेला खाली. पण पट्टी बांधायला एक हात काढला की माझ्यासकट वर.

“सरक, मी बसते त्याच्यावर,” सासूबाई म्हणाल्या.

“पडाल.”

“ह्या वजनाचा घरात कधीतरी उपयोग होऊ दे.”

वर फळी ठेवली, दोन्हीकडून आम्ही दोघींनी धरलं, आणि सासूबाई बसल्या. हळूहळू खाली गेल्या, चेहरा अगदी गंभीर. मी पट्टी बांधायला वाकले, तेवढ्यात ठमीला हसू फुटलं, ठमीमुळे मला, आमच्यामुळे सासूबाईंना. त्या हसत उठल्या तसा तोही त्यांच्यामागे उठला. त्यानंतर कुणाच्याच हातात जोर राहिला नाही. तुमची पाठ धरल्यापासून घरात असं हसू झालं नव्हतं, म्हणून पट्टीचा राग मी सोडून दिला.

चहा पिताना मी गाडीकडे बघत बसले. चाकं जमिनीला टेकलेली होती, म्हणून जागा आखूड होती. मनात आलं, चासी आणखी वर उचलली तर ॲक्सल स्प्रिंगच्या पाट्यांसकट खाली लोंबेल, मग वरच्या आणि खालच्या भोकांमधलं अंतर वाढायला हवं. जॅक मारला, घोड्यांचा खटका एकेक घर वर घेतला, गाडी हलवून बघितली. भोक बोल्टाशी येऊन उभं राहिलं. बोल्ट आपसूक आत गेला. दांडा काही आखडेना, म्हणून मी जागा मोठी केली. उरलेले तीन मात्र भाऊजींच्या सांगण्याप्रमाणे पट्टीसकट बसवले आणि मग पट्ट्या कापल्या. जीव थोडा तुटला, पण कापल्या.

गाडी खाली उतरवून शेवटचा पीळ दिला तेव्हा मी तिच्याखाली उताणी पडले होते. चारही चाकं जमिनीवर होती, मी देवाचं नाव घेत होते आणि सासूबाई बाजूला उभ्या राहून गाडीखालून बाहेर आलेल्या, पायरीवर टेकलेल्या माझ्या चपलांशी बोलत होत्या, “झालं का? झालं का?” झालं. हौद्याच्या कोपऱ्यावर दोघींनी दाबून सोडलं. गाडी एकदा वर आली आणि जागच्या जागी थांबली. पूर्वी ती किती वेळ डोलत राहायची, आठवतं?

इथपर्यंत लिहून मी उठले होते. धुणं वाळत घातलं, आले. आता पुढचं.

दुसऱ्या दिवशी मी गाडी तुमच्या नेहमीच्या काचवाल्यांकडे नेली. परवाना माझ्याकडे आहे. तुम्हीच हौसेने काढायला लावला होता, ‘निदान गल्लीतून मागे-पुढे घेता येईल’ म्हणून. मुदत संपत आली तेव्हा नवा करून घेतला होता मी. काचवाले बाहेर आले आणि गाडीत दुसरं कुणी आहे का म्हणून माझ्या खांद्यावरून बघू लागले.

“वहिनी, ड्रायव्हर कुठाय?”

“तुमच्याशी बोलतेय.”

त्यांनी तोंड बारीक केलं. शाळेच्या नव्या इमारतीच्या खिडक्यांचा माल होता, त्यांची दुसरी गाडी आलेली नव्हती. माणूस अडला होता, नाहीतर त्यांनी दिला नसता. त्यांनी स्वतः काचा उभ्या लावल्या, मध्ये गोणपाट घातलं, दोर आवळले, आणि मागून आपल्या स्कूटरवर आले, काच फुटली की लगेच दिसावी म्हणून. मी घाई केली नाही. नाक्यावरच्या उंचवट्यावर गाडी चढली, उतरली आणि मागे गप्प. तो काचांचा दात खाल्ल्यासारखा आवाज असायचा ना, तो नाहीच. शाळेत माल उतरवला, सगळा शाबूत. पूर्वी प्रत्येक खेपेला तडा गेलेली एखादी काच तुम्ही आपल्या खर्चात धरायचात. काचवाले निघताना एवढंच म्हणाले, “गुरुवारी सकाळी लवकर या.”

आता रविवार.

विटांचे व्यापारी आले. हौद्यावर हात टाकून दाबलं आणि म्हणाले, “अरे वा, शॉकअप नवे टाकले! भाव तोच ना पण?”

“भाव नाही. गाडी द्यायची नाही.”

“पण साहेबांनी शब्द दिलाय.”

“त्यांनी आजारपणात दिला. तो मी परत घेतेय. तुमचा खोळंबा झाला, त्याची माफी मागते. चहा घेऊन जा.”

चहा न घेता गेले. सासूबाई दारात होत्या. मला वाटलं, आता मला बोलणार. “माझ्या पोराला विचारलंस?” एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, नाही. मग म्हणाल्या, “त्याला पत्र लिही. फोनवर सांगू नकोस, तो हं म्हणेल.” म्हणून हे पत्र. तुम्हाला न विचारता तुमचा शब्द मोडला. रागवायचं असेल तर मनसोक्त रागवा. पण मी केलं ते चुकलं असं मला वाटत नाही, आणि खोटी माफी मागून तुमचा अपमान करणार नाही.

का केलं, तेही सांगते. वन्सं बोलल्या माझ्याशी. त्यांच्यावर चिडू नका, त्यांच्या पोटात राहिलं नाही. डॉक्टर म्हणतात, पाठ बरी होतेय, हादरे बसणार नसतील तर दोन-तीन महिन्यांनी गाडी चालवायला हरकत नाही. हे तुम्ही मला सांगितलं नाहीत. मला सांगितलंत, ‘आता जमणार नाही, इथे ताईच्या यजमानांच्या गोदामात बसून माल मोजीन, तुम्ही सगळ्या इकडे या.’

आणि दुसरंही सांगितलं त्यांनी. त्या दिवशी पुलाजवळच्या उखडलेल्या रस्त्यावर कंबर धरली, तेव्हा तुम्ही भर दुपारी स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसून होतात. पाय हलत नव्हता. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या, एकाने खिडकीशी येऊन ‘दिवसाढवळ्या पिऊन बसलाय’ म्हणून शिवी दिली. उभ्या आयुष्यात थेंब न घेतलेला माणूस. घरी आल्यावर मला म्हणालात, ‘जरा उसण भरली.’

मी रडले, पण ते देवापुढे. तुमच्यासमोर रडणार नाही. देवाकडे मी तुमच्या पाठीसाठी काही मागितलं नाही, पाठीचं डॉक्टर बघताहेत. मागितलं ते एवढंच, की त्या पुलाची भीती ह्यांच्या मनातून जाऊ दे. गोदामात बसायचं असेल तर बसा, त्यात काही कमीपणा नाही. पण आवडलं म्हणून बसा. पुलाला घाबरून बसलात, तर रोज सकाळी डबा घेऊन जाताना तुमचा चेहरा मला बघवणार नाही.

तेव्हा माझं ठरलं ते असं. वन्संनी डॉक्टरांना विचारलंय, शेजारी बसून प्रवास चालेल, पाठीला पट्टा हवा. शनिवारी सकाळी मी गाडी घेऊन येते. सीटवर घडीची गादी घातलेली असेल. स्टिअरिंगवर मी, तुम्ही बाजूला. सासूबाईंना यायचं होतं, मी नको म्हटलं, ठमीला त्यांच्यापाशी ठेवतेय. वन्संच्या दारात ताटकळत उभे राहू नका, मी आत येऊन हात देईन.

पुलावरून आपण सावकाश जाऊ. मी बोलणार नाही, तुम्हीही बोलू नका. पलीकडे पोचलो की गाडी बाजूला घेईन आणि एकदाच विचारीन, पाठ काय म्हणते. पाठीने नाही म्हटलं, तर सोमवारी मी स्वतः विटांच्या व्यापाऱ्यांच्या दारात जाईन, माफी मागून चावी त्यांच्या हातात ठेवीन, आणि त्यावर पुन्हा कधी एक शब्द काढणार नाही. देवाशप्पथ.

पण दुखलं नाही, तर दुखलं म्हणू नका. एवढं एकच मागते.

शनिवारी येणारी,
तुमचीच,
ठमीची आई