बाबा 'कम राउंड' झाले

१४ मार्च, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. पत्र पुढच्या बंदरात तुझ्या हाती पडेल, असं तुझ्या जहाज कंपनीच्या ऑफिसात म्हणाले. आम्ही बरे आहोत. लाँड्रीत नवी इस्त्री आलीय, कॉलर एका फेरीत बसते. ह्यांची कंबर अधूनमधून कुरकुरते.

बाबा शिडीवरून पडले, हे तुला कळलं असेल. डोक्याला मार लागला. तू समुद्रात, म्हणून बाबांच्या शेजारच्या काकूंनी मलाच फोन केला. चार दिवस ते बेशुद्ध होते. मी रोज कामावरून जायचे. नखं कापली, दाढी केली.

पाचव्या दिवशी वॉर्डाच्या दारातच नर्स हसून म्हणाली, "ही हॅज कम राउंड." तिला आपली भाषा येत नाही आणि माझं इंग्रजी लाँड्रीच्या पावतीपुरतं. मला वाटलं, डॉक्टर राउंडला आलेत. म्हटलं, बाहेर थांबते. ती म्हणाली, "नो, नो, युअर फादर." आता बाबा कुठे गोल फिरले? मी आमच्या लाँड्रीच्या काउंटरवरच्या बाईंना फोन लावला.

"अगं, त्याचे पुष्कळ अर्थ," त्या म्हणाल्या. "कुणी घरी भेटायला येतं, तेही कम राउंड. हट्टी माणसाचं मन वळतं, तेही."

"आणि आजारी माणूस असला तर?"

"मग शुद्धीवर आले असतील."

मन वळलं म्हटल्यावर माझं एक पाऊल आत पडलं. शुद्धीवर आले म्हटल्यावर मी जिना उतरून घरी आले.

तुझ्यापासून काय लपवू? "त्या घटस्फोट झालेल्या माणसाशी लग्न केलंस तर पुन्हा तोंड दाखवू नकोस," असं बाबा म्हणाले, त्याला अकरा वर्षं झाली. ते चार दिवस मी तोंड दाखवत होते, कारण त्यांचे डोळे मिटलेले होते. सगळं बोलून घेतलं मी. आणि एकदा, एकदाच, मनात आलं की हे असेच राहिले तर बरं. हे मी ह्यांनाही सांगितलेलं नाही.

काल ह्यांनी जवळजवळ ढकलूनच पाठवलं. बाबांनी पाहिलं नि म्हणाले, "उशीर केलास गं. कामावरून परस्पर आलीस?" आवाजात रागाचा लवलेश नाही. डॉक्टर म्हणतात, मागची काही वर्षं पुसली गेली असतील, नसतीलही. इतक्यात सांगता येत नाही. निघताना म्हणाले, "जा आता, घरी वाट बघत असतील."

कुठल्या घरी, दादा? कोण वाट बघतंय? आई, जिला जाऊन सहा वर्षं झाली? की हे? विचारायचा धीर झाला नाही. नुसतं "हो" म्हणून आले.

उद्या चार वाजता ह्यांना घेऊन जाणार आहे. बाबांना आठवत नसेल तर नव्याने ओळख करून देईन. आठवत असेल आणि पुन्हा हाकललं, तर निदान शुद्धीत हाकलतील. माझं डोकं चालत नाही. जमेल तितक्या लवकर ये.

तुझी धाकटी,
आणि उद्या चारपर्यंत तरी बाबांचीही.