टाकीच्या झाकणातील रबरी कडे

नांदेड, कार्तिक वद्य पंचमी

आज सायंसंध्या हुकली, तरी मन प्रसन्न आहे. मुदखेडच्या सहा वर्षांच्या मुलीला रक्ताचा कर्करोग आहे का, आणि कोणता, हे आजच कळणे अगत्याचे होते. नमुन्यातील पेशी उद्यापर्यंत तग धरणार नव्हत्या. आणि आमच्या प्रयोगशाळेतले पेशी तपासणारे यंत्र सकाळपासून अडलेले. द्रवाची धार मध्येच क्षीण होई, पडद्यावर पेशी दाखविणारे ठिपके विस्कटत.

मी तीनदा नळ्यांतील बुडबुडे काढविले. शेवटी आमचा तंत्रज्ञ सलीम म्हणाला, "सर, बुडबुड्याच्या मागं कशाला लागलात? हवा टाकीतूनच निसटून राहिली."

हवेच्या दाबाने द्रव यंत्रात ढकलणाऱ्या टाकीच्या झाकणाभोवती त्याने साबणाचा फेस लावला, पंक्चरवाला लावतो तसा. एका जागी फेस फुगू लागला. दाब सोडून झाकण उघडले, तो आतले रबरी कडे वाळून तडकलेले.

ते कडे रोज स्पिरिटाने पुसावे, हा दंडक माझाच. शुचितेचा केवढा अभिमान! त्या स्पिरिटानेच रबर शुष्क झाले, दुसरे काय?

"मला वाटतच होतं," सलीम हसला, "पण तुमच्या सोवळ्यात कोण बोलणार?"

नवे कडे बसविताच धार स्थिर झाली, ठिपक्यांचे पुंजके स्वच्छ वेगळे दिसले. कर्करोग आहेच, पण औषधाला दाद देणारा प्रकार. उपचार आजच सुरू करता येतील. अहवाल दुसऱ्या कोणाच्या हाती देण्याइतका धीर माझ्यापाशी कुठला? मी स्वतःच वरच्या मजल्यावरील मुलांच्या वॉर्डाचा जिना चढू लागलो, या वयात, जवळजवळ धावत. मागून सलीम ओरडत होता, "सर, लिफ्ट हाय ना!"